मोडेम सपरीत, टीव्ही माजघरात: घरभर लॅनची वायर फिरवताना

गावात फायबर आली की नेटवाला ठरलेलं काम करून जातो. दाराजवळ सपरीच्या भिंतीला डबा ठोकतो, मोबाईलला वायफाय जोडून देतो, स्पीड दाखवतो आणि निघतो. पुढचं घर मात्र लांबोळकं असतं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, मध्ये टिनाची खोली, मागे कोठा. वायफाय पहिल्या भिंतीत अर्धं होतं आणि दुसरीत संपतं, टीव्हीवर गोल चकरी फिरत राहते. अशा घरात रेंज वाढवणारे डबे एकामागे एक लावत बसण्यापेक्षा लॅनची, म्हणजे घरातल्या वस्तूंना नेटच्या डब्याशी जोडणारी वायर ओढलेली बरी. नीट ओढलेल्या वायरीला भिंत आडवी येत नाही आणि पाहुणे आले म्हणून ती मंदावतही नाही.

हिशेबासाठी एक घर धरू. सपरीत मोडेम, म्हणजे नेटवाल्यानं ठोकलेला तो डबा. तिथून भिंतीच्या कडेकडेनं माजघरातला टीव्ही १२ मीटर, मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि प्रिंटर १८ मीटर, दाराच्या कोनाड्यातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) ८ मीटर. अंगणापलीकडे ४५ मीटरवर कोठा, तिथं रात्री गुरांवर लक्ष ठेवायला एक कॅमेरा हवा आहे.

आधी डबा ओळखा

डब्याखाली हिरव्या टोकाची बारीक वायर शिरलेली दिसेल, ती फायबर. ती ओढायची नाही, दुमडायची नाही आणि कारण नसताना काढायची नाही. टोकाला बोट लागलं तरी सिग्नल पडतो. काढलेल्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नका. त्यातला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. शेजारी चौकोनी पोर्ट असतात. आठ सोनेरी पट्ट्यांचे मोठे पोर्ट लॅनचे, आणि त्याहून लहान असलेला टेलिफोनचा. लहानात लॅनचा जॅक कोंबू नका.

लॅनचे पोर्ट एक, दोन किंवा चार असतात आणि ते सगळे सारखे असतीलच असं नाही. पुष्कळ डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा असतो आणि बाकीचे १०० चे. काही ठिकाणी एखादा पोर्ट टीव्ही-चॅनलच्या सेवेसाठी राखलेला असतो. त्याचा दिवा लागतो, पण नेट येत नाही, आणि माणूस दिवसभर वायर बदलत बसतो. म्हणून कामाला लागण्याआधी दोन मीटरची तयार वायर आणि एक लॅपटॉप घ्या, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि प्रत्येक पोर्टावर नेट येतं का ते पाहा. चालणाऱ्या पोर्टाशेजारी खडूनं खूण करा.

दुसरी गोष्ट ठरवायची ती अशी: हा डबा नुसता मोडेम आहे की मोडेम आणि राऊटर दोन्ही? वायफाय याच डब्यातून येत असेल तर राऊटर आतच आहे. डब्याला अँटेना नाही आणि नेटवाल्यानं शेजारी दुसरा डबा लावून त्यातून वायफाय दिलं असेल, तर पहिला बहुधा नुसता मोडेम आहे. या फरकावर पुढची सगळी जोडणी ठरते.

नेट कंपनीकडून घराला एका वेळी एकच पत्ता मिळतो. राऊटर तो आपल्या नावावर घेतो आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला आतला वेगळा पत्ता वाटतो, सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा. स्विच असलं काही करत नाही. तो एक्स्टेन्शन बोर्डासारखा आहे: एका पोर्टाचे पाच किंवा आठ करतो, एवढंच. तेव्हा नुसत्या मोडेमला थेट स्विच लावून त्यावर टीव्ही, कॉम्प्युटर, डीव्हीआर जोडले तर एकाला नेट मिळेल किंवा कुणालाच नाही. क्रम कायम हाच: मोडेम, मग राऊटर, मग स्विच, मग वस्तू. दोन डबे असतील तर मोडेमची वायर राऊटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या पोर्टात (बऱ्याचदा निळा असतो) आणि घरातल्या सगळ्या वायरी ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टांत.

काय घ्यायचं, किती घ्यायचं

मोडेमवर चार चालते पोर्ट असतील आणि वायरीही चारच असतील, तर स्विच घेऊच नका. कमी डबे म्हणजे कमी अ‍ॅडॅप्टर आणि कमी कटकट.

धरलेल्या घरात मोडेमवर तेवढे चालते पोर्ट नाहीत असं समजू. सपरीतून चार वायरी निघतात: टीव्ही, मागची खोली, डीव्हीआर आणि कोठा. मोडेमकडून येणारी एक धरली तर पाच. म्हणजे पाच पोर्टांचा स्विच पहिल्याच दिवशी भरला, म्हणून इथं आठचा घ्या. मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही आहेत, तिथं पाच पोर्टांचा दुसरा छोटा स्विच ठेवला की एकाच वायरीवर दोन्ही भागतात. स्विचमागे स्विच बिनधास्त चालतो. दुकानात ‘अनमॅनेज्ड’ स्विच मागा. त्यात काही सेटिंग करावं लागत नाही, जोडला की सुरू.

गिगाबिट की १०० चा? प्लॅन ३० किंवा ५० एमबीपीएसचा असेल तर नेटसाठी १०० चा स्विच पुरतो. बहुतेक टीव्हींचा आणि पुष्कळ डीव्हीआरांचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, त्यांना गिगाबिटचा काही फायदा नाही. १०० च्या पोर्टावर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या आसपास थांबते. तेव्हा प्लॅन १०० च्या वरचा असेल किंवा दोन कॉम्प्युटरांत मोठ्या फायली फिरत असतील तरच फरक जाणवेल. तरीही नवा घेताना गिगाबिटच घ्यावा, स्विच काही दरवर्षी बदलायची वस्तू नाही.

वायरीत मात्र काटकसर नको. कॅट-५ई पुरते, कॅट-६ मिळाली तर उत्तम. दोन्हींची मर्यादा एका सलग तुकड्याला १०० मीटर. खरी अडचण तांब्याची असते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर भरपूर आहे. वेष्टनावर बारीक अक्षरात ‘सीसीए’ लिहिलेलं सापडतं, कधी तेही नसतं. दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर परत द्या. अशी वायर दोन-चारदा वाकवली की तुटते, जॅकमध्ये हळूहळू सैल पडते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर लांबवर व्होल्टेज पोचत नाही. बारीक चपटी वायर दिसायला छान असते, घरभर ओढायला घेऊ नका.

घरातली मापं १२ अधिक १८ अधिक ८, म्हणजे ३८ मीटर. ही मापं सुतळी भिंतीच्या कडेनं, चौकटीवरून वर चढवून आणि खाली उतरवून घ्यावीत. हवेतून सरळ मोजणारा हमखास दोन मीटर कमी आणतो, आणि लॅनची वायर मध्ये पीळ देऊन जोडत नाहीत. प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जास्त, आणि एखादा वळसा धरून ५० मीटर घ्या. पूर्ण पेटी ३०५ मीटरची येते, एका घराला ती नको. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतली तर परवडते. वायरीच्या टोकाला बसवायचे आरजे-४५ जॅक लागणार सहा, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं पंधरा आणावेत. जॅक दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल, साधा दोन तुकड्यांचा लॅन टेस्टर, २० मिमीचा पीव्हीसी पाइप, क्लिपा, आणि मोडेम ते स्विच व स्विच ते प्रिंटर अशा एक-एक मीटरच्या तयार वायरी. कॉम्प्युटर ते छोटा स्विच हीसुद्धा तयारच घ्या.

वायर ओढताना

विजेच्या वायरीच्या पाइपात लॅनची वायर घालायची नाही. त्यानं गोंधळ होतो तो वेगळाच, पण उंदरानं विजेच्या वायरीचं कव्हर खाल्लं तर २३० व्होल्ट टीव्हीच्या लॅन पोर्टापर्यंत जाऊ शकतात. दोघींत वीतभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

मातीच्या भिंतीत क्लिपेचे खिळे टिकत नाहीत. तिथं सागवानी दांड्यांच्या आणि चौकटीच्या कडेनं वायर न्या, किंवा पाइप टाकून तो लाकडाला बांधा. भोक पाडायचं तर लांब ड्रिलनं, आतून बाहेर थोडं खालच्या दिशेनं, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही. बाहेरून येणाऱ्या वायरीला भोकाच्या आधी खाली एक झोळ सोडा. थेंब झोळाच्या तळाशी गळतात. भोकात एक पाइपाचा तुकडा बसवा आणि उरलेली फट बुजवा. फट ठेवली की घुशी-उंदरांना रस्ता मिळतो, आणि कवेलूच्या छपराखाली उंदीर हा लॅनचा पहिला शत्रू आहे. जिथं त्यांची ये-जा आहे तेवढ्या भागात तरी वायर उघडी ठेवू नका.

वायर कुठंही कोपऱ्यात चाकूसारखी दुमडू नका. वळणाची त्रिज्या वायरीच्या जाडीच्या निदान चौपट असू द्या. क्लिप ठोकताना वायर चेपली की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

डबे कुठं ठेवायचे हा प्रश्न इथं जास्त महत्त्वाचा आहे. अशा डब्यांवर बहुधा ० ते ४० अंश सेल्सियस एवढीच कामाची मर्यादा लिहिलेली असते, आणि अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली तर विचारू नका. टिनाला लागून ठोकलेला मोडेम नवतप्यात दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो. नेटवाला संध्याकाळी येतो आणि म्हणतो, चालू तर आहे. मोडेम आणि स्विच छातीच्या उंचीवर, जाड भिंतीला, हवा लागेल असे ठेवा. एकावर एक रचू नका. वर रुमाल किंवा प्लॅस्टिक घालू नका, धूळ आठवड्याला कोरड्या कापडानं पुसा. आणि ज्या खोलीत वेचलेला कापूस साठवता तिथं डबे, अ‍ॅडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड काहीही ठेवू नका. गरम अ‍ॅडॅप्टर आणि कापूस एका खोलीत नको. कुटार भरलेल्या कोठ्यालाही हेच लागू.

जॅक बसवणं

इथं घाई करणाऱ्याचे सहा जॅक वाया जातात. उजेडात बसा आणि तारा हातावर नीट पसरून पाहा.

१. वायरीचं वरचं कव्हर तीन सेंटिमीटर सोला. ब्लेड गोल फिरवायचं, दाबायचं नाही. आतल्या एका तारेच्या कव्हरलाही चीर गेली तर टोक कापून पुन्हा.

२. आत चार जोड्या पीळ दिलेल्या असतात. पीळ सोडवा, तारा बोटांत धरून सरळ करा आणि डावीकडून या क्रमानं लावा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

३. आठही तारा घट्ट धरून टोकं एका रेषेत कापा. उघड्या तारा सव्वा सेंटिमीटरच राहाव्यात.

४. जॅक असा धरा की त्याची खिट्टी जमिनीकडे, सोनेरी पट्ट्या वर आणि भोक तुमच्याकडे. तारा आत सारा. समोरच्या टोकाला आठही तारांची तांब्याची टोकं चमकताना दिसली पाहिजेत.

५. बाहेरचं कव्हर जॅकच्या आत शिरलंय ना ते पाहा, मग टूल पूर्ण दाबा. कव्हर बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि महिन्याभरात एक तरी निसटते.

दुसऱ्या टोकालाही अगदी हाच क्रम. मग टेस्टर लावा: दोन्हीकडे १ ते ८ दिवे त्याच क्रमानं लागले पाहिजेत.

आता एक फसवी चूक. हिरवा आणि निळा यांचा क्रम विचित्र वाटतो म्हणून बरेच जण जोडीशेजारी जोडी सरळ लावतात: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा… दोन्ही टोकांना तसंच केलं की टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची असावी लागते, आणि इथं तिसरी हिरव्या जोडीतली व सहावी निळ्या जोडीतली झाली. दोन मीटरच्या वायरीवर चालून जातं; अठरा मीटरवर नेट तुटत राहतं. स्वस्त टेस्टरला ही चूक कळत नाही. ती डोळ्यांनीच पकडायची.

जोडून पाहणं

सगळं एकदम जोडू नका. मोडेम सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ‘पॉन’चा (फायबरच्या जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर हवा, ‘एलओएस’चा (फायबरमध्ये सिग्नल नसल्याचा) लाल दिवा बंद. वेगळा राऊटर असेल तर आता तो, मग स्विच. मोडेमच्या ज्या पोर्टावर गिगाबिट मिळतं त्यातून स्विचला वायर द्या. स्विचच्या कोणत्या पोर्टात ती लावायची याला साध्या स्विचमध्ये महत्त्व नाही. आता एक-एक वायर लावा आणि दर वेळी पोर्टाचा दिवा पाहा. दिवाच लागला नाही तर दोष वायरीत किंवा जॅकमध्ये. दिवा लागून नेट नाही तर दोष पत्त्यात.

पत्ता पाहायला कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी (cmd) लिहून एंटर, मग आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला तर राऊटरपर्यंत सगळं ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा आला तर कॉम्प्युटरला कुणी पत्ता दिलाच नाही, त्यानं स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी स्विच राऊटरला जोडलाय की नुसत्या मोडेमला, ते आधी बघा. टीव्हीवर सेटिंगमधल्या नेटवर्कमध्ये ‘वायर्ड’ निवडा. काही टीव्ही जुनं वायफाय धरून बसतात.

डीव्हीआरबद्दल थोडं. साध्या कॅमेऱ्यांच्या गोल टोकाच्या जाड वायरी डीव्हीआरमध्येच जातात, त्या स्विचला लागत नाहीत. स्विचला फक्त डीव्हीआरची एक लॅन वायर. डीव्हीआरमध्ये पत्ता अनेकदा आधीच पक्का बसवलेला असतो, समजा १९२.१६८.० च्या मालिकेतला, आणि राऊटर वाटतो १९२.१६८.१ च्या मालिकेतले. दोघांची गाठच पडत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’ (पत्ता आपोआप घेण्या-देण्याची सोय) सुरू करा, तो राऊटरकडून पत्ता घेईल. बाहेरगावाहून मोबाईलवर कॅमेरे पाहायचे तर डीव्हीआरच्या पडद्यावरचा क्यूआर कोड त्याच्याच अ‍ॅपमध्ये स्कॅन करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायला राऊटरमध्ये वाट उघडण्याच्या) मागे लागू नका: पुष्कळ कनेक्शनांत एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, तिथं ते चालतच नाही.

घरात जुना राऊटर पडून आहे?

मग मागच्या खोलीत स्विच विकत घ्यायची गरज नाही, वर तिथं वायफायही मिळेल. फक्त एका घरात दोन कारभारी नकोत. पत्ते वाटणारा एकच राहिला पाहिजे.

जुना राऊटर आधी घरच्या नेटपासून लांब, नुसत्या कॉम्प्युटरला जोडा. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका (तळाच्या लेबलवर असतो; टाइप करताना अंक इंग्रजी हवेत). वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलून घ्या. मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल आणि तो १०० ते २०० पर्यंतचे पत्ते वाटत असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या, म्हणजे वाटपाच्या बाहेरचा. आता ‘डीएचसीपी सर्व्हर’ बंद करा, सेव्ह करा. यानंतर त्याचं पान नव्या पत्त्यावरच उघडेल, तो पत्ता डब्यावर चिकटवून ठेवा. शेवटी सपरीतून आलेली वायर जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या. चार लॅन पोर्टांचा राऊटर असेल तर तीन मोकळे उरतात.

डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरातल्या अर्ध्या वस्तू चुकीच्या कारभाऱ्याकडून पत्ते घेतात. नेट कधी चालतं, कधी नाही, आणि नेमकं काय बिघडलं ते कुणालाच कळत नाही. नवीन राऊटरांत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ नावाचा मोड असतो, तो असेल तर हे सगळं एका क्लिकमध्ये होतं. वायर कुठं लावायची ते मात्र त्याच्या पुस्तिकेत पाहा.

कोठ्यापर्यंत: तांबं नको, काच न्या

४५ मीटर म्हणजे कॅट-६ च्या मर्यादेत आहे. तरीही अंगणातून उघडी तांब्याची वायर नेऊ नका. वीज थेट वायरीवर पडायची गरज नसते, जवळपास कडाडली तरी लांब तांब्यात झटका उमटतो, आणि तो दोन्ही टोकांच्या पोर्टांत उतरतो. एका वळवाच्या पावसात मोडेम, स्विच आणि डीव्हीआर तिन्ही जातात ते बहुतेकदा अशाच वायरीमुळं. आणि कोठ्याला वीज वेगळ्या जोडणीतून असेल तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्येही फरक असतो.

फायबर काचेची आहे, तिच्यातून झटका जात नाही. लागतात दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरवर आणि फायबरचा लॅनवर नेणारे डबे), सिंगल मोड, एक ए बाजूचा आणि एक बी बाजूचा. ए जिथं १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, बी त्याच्या उलट. दोन्ही ए घेतले तर दिवा लागणार नाही. दोन्हींचा वेगही एकच घ्या, एक १०० चा आणि एक १००० चा नको. मधली वायर म्हणजे नेटवाले वापरतात तीच एका कोअरची काळी ड्रॉप केबल. टोकं नेटवाल्याकडून बसवून घ्या, ते काम घरगुती नाही. कन्व्हर्टरला सहसा निळ्या टोकाचा कनेक्टर लागतो. मोडेमचा हिरवा त्यात बसतो, पण दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात, सिग्नल पडतो.

या केबलला लटकवायला एक पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथंच तोडा, घरात आणू नका; नाहीतर काच लावून मिळवलेला फायदा त्या तारेनं घालवला. वाटेवरून कुटारानं शीग भरलेली बंडी किंवा थ्रेशर जात असेल तर केबल किमान १८-२० फुटांवर हवी. विजेच्या खांबाला ती बांधू नका. वानरांचा राबता असेल तर झाडांवरून नेण्यापेक्षा पाइपातून जमिनीखाली, फूट-दीड फूट खोल, नांगर फिरणार नाही अशा कडेनं.

कोठ्यातल्या आयपी (लॅन वायरीवर चालणाऱ्या) कॅमेऱ्याला वीज आणि नेट एकाच लॅन वायरीतून द्यायचं तर कन्व्हर्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये पीओई इंजेक्टर, म्हणजे लॅन वायरीत वीज सोडणारा छोटा डबा लावा. कॅमेऱ्यावर ‘८०२.३एएफ’ लिहिलंय का ते पाहून त्याच जातीचा इंजेक्टर घ्या. स्वस्त ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर समोर कोण आहे हे न विचारताच वीज सोडतो. त्याची वायर चुकून टीव्हीत किंवा कॉम्प्युटरात गेली तर पोर्ट जळू शकतो.

वीज

मोडेम साधारण १० वॅट, आठ पोर्टांचा स्विच ३-४ वॅट. दोन्ही मिळून एका एलईडी ट्यूबपेक्षा कमी, तेव्हा इन्व्हर्टरवर लावायला विचार करू नका. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मोडेमपुरता पुरतो. मात्र अ‍ॅडॅप्टरची अदलाबदल करू नका. मोडेमचा असतो १२ व्होल्टचा, छोट्या स्विचचा बऱ्याचदा ५ चा किंवा ९ चा, आणि पिन मात्र सारखीच बसते. १२ चा अ‍ॅडॅप्टर ५ च्या स्विचला लावला की स्विच गेला. प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवर चिकटपट्टी लावून मार्करनं नाव लिहा. बदली अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या खुणा तशाच हव्यात.

डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. साधा स्पाइक बोर्ड इथं कामाचा नाही. जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर लागतो. आणि आभाळ भरून आलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. अ‍ॅडॅप्टर बोर्डातून काढा. फायबर लावलेली राहू द्या.

नेट गेलं तर कुठं पाहायचं

एलओएसचा लाल दिवा असेल तर घरातली कुठलीही वायर तपासू नका. फायबर तुटलीय किंवा दुमडलीय, नेटवाल्याला फोन करा.

स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत आहेत आणि घरभर नेट ठप्प? झाडताना मोकळं टोक दिसलं म्हणून कुणीतरी ते स्विचमध्ये खोचलेलं असतं, आणि त्याचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये. माहिती त्यात गोल फिरत राहते. ती वायर काढा, अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत.

१५० चा प्लॅन असून कॉम्प्युटरवर ९४ च मिळत असतील तर मधला एखादा पोर्ट १०० चा आहे, किंवा वायरीतल्या निळ्या अथवा तपकिरी जोडीची एखादी तार जॅकमध्ये बसलेली नाही. १०० ला चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६), गिगाबिटला आठही. टेस्टरवर ४, ५, ७, ८ चे दिवे पाहा आणि दोषी टोक कापून नवा जॅक बसवा.

आणि डब्याच्या मागचं सुईएवढं रिसेटचं भोक पोरांना दाखवू नका. बंद करून सुरू करणं वेगळं, रिसेट वेगळं. रिसेटनं नेटवाल्यानं भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसला जातो आणि नेट तो येईपर्यंत गेलं. बसवायला आला त्याच दिवशी त्याच्याकडून दोन्ही वहीत लिहून घ्या, आणि डब्याच्या तळाच्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.